एक खोडलेली ओळ

आमच्या घरांतील जमाखर्चाची वही गेलीं बावीस वर्षें माझ्याकडे आहे. अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधु, बागा पाहतात. वहिनी माजघर पाहतात. आणि मी, शाळेंतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर, वही पाहतों. सोळा माणसांच्या कुटुंबांत पैसा जाण्याच्या वाटा अनेक, आणि येण्याची वाट मात्र एकच. ती म्हणजे हापूसची बाग. त्यामुळें नको त्या खर्चाची ओळ खोडण्याचा अधिकार सर्वांनीं आपखुशीनें मला देऊन टाकलेला आहे. त्यापायीं रुसवेफुगवे पुष्कळ झाले. परंतु माझ्या तांबड्या रेघेनें आजवर कोणाचें वांकडें झालें नाहीं, असा माझा समज होता.

पांच वर्षांपूर्वीं पुतण्यानें हट्ट धरून एक पिक-अप गाडी घेतली. रत्नागिरीच्या बागाइतदाराला ही गाडी आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. एके काळीं आंबा आगबोटीनें मुंबईस जाई. १९९८ सालीं कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. तरी बागेच्या गडग्यापासून वाशीच्या बाजारांतील गाळ्यापर्यंत पेटी मध्यें कोठें न उतरवतां पोंचवावयाची, तर गाडीच हवी. शिवाय आंब्याचे दिवस संपले तरी तिचें काम संपत नाहीं. खताचीं पोतीं आणा, जांभ्याचे चिरे न्या, आणि मोहोराच्या दिवसांत फवारणीचा पंप व पाण्याची टाकी असलेली दुचाकी ट्रॉली मागें जोडून बागेच्या चढउतारावरून ओढा.

एवढें काम करणाऱ्या गाडीची पुतण्या मनापासून निगा राखतो. समुद्रावरचा खारा वारा लोखंड खातो, म्हणून तो तिचा खालचा सांगाडा गोड्या पाण्यानें धुतो. पाट्यांना ग्रीस भरतो. डिझेलच्या गाळणींत सांचलेलें पाणी काढतो. रेडिएटरमधील पाणी पाहिल्यावांचून लांबच्या वाटेस लागत नाहीं. या सर्वांचा खर्च माझ्या वहींत येई, आणि मी भुवया चढवीत तो लिहून घेईं. दोन वर्षांपूर्वीं मात्र त्याच्या यादींत 'ब्रेकचें तेल बदलणें' अशी एक ओळ आली, आणि मीं त्याला हाक मारली.

"तें तेल भांड्यांत खुणेपर्यंत आहे कीं नाहीं?"

"आहे, काका. पण दोन वर्षें झालीं त्याला. बदलावयास हवें."

"जें कमीच झालेलें नाहीं, तें बदलावयाचें कशाला?"

युक्तिवाद बिनतोड होता. आमच्या घरांत वडील माणसाला दुसऱ्यांदा उत्तर देण्याची चाल नाहीं. तो गप्प राहिला, आणि मीं ती ओळ खोडली. पुढच्या वर्षीं त्यानें ती यादींत घातलीच नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत कोल्हापुराहून एक जुना फवारणी-पंप ट्रॉलीसकट आणावयाचा ठरला. घासाघीस करण्याचें काम माझें, म्हणून मीहि बरोबर गेलों. सौदा माझ्या मनासारखा झाला. पंप मागें जोडून आणि हौद्यांत खताचीं पोतीं घालून आम्ही दुपारीं परत निघालों. आंबा गांव मागें टाकलें कीं घाट साखरप्याच्या बाजूस उतरूं लागतो. पुतण्यानें गाडी दुसऱ्या गिअरमध्यें घातली. एंजिन मोठ्यानें घुमूं लागलें.

"अरे, उतारावर एवढें एंजिन कशाला ओरडवतोस? डिझेल फुकट जळतें आहे," मी म्हणालों.

खरें पाहतां, पायाखालीं गती न देतां गिअरमध्यें गाडी उतरत असतां आजच्या एंजिनांत डिझेल जवळजवळ जातच नाहीं. चाकेंच एंजिनाला फिरवितात, आणि तोच त्यांना आवर असतो. हें मला मागाहून समजलें. त्या वेळीं पुतण्यानें काकांचा मान राखला आणि तिसरा गिअर घातला. आतां सर्व भार ब्रेकवर आला. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नव्हता. तिचें वजन प्रत्येक वळणावर गाडीला पाठीमागून ढकलीत होतें. पुढें एक भरलेला ट्रक संथपणें चालला होता. पुतण्याचा पाय पेडलवरून निघतच नव्हता.

पांचसहा वळणें गेलीं असतील. करपट वास येऊं लागला. एकाएकीं पुतण्या हलक्या आवाजांत म्हणाला, "काका, घट्ट धरा." मीं खालीं पाहिलें. त्याचा पाय फळीपर्यंत गेला होता, आणि गाडीची गति तसूभरहि कमी झाली नव्हती.

त्यानें एंजिनला गुरगुरावयास लावून दुसरा गिअर घातला, हातब्रेक थोडथोडा ओढला, आणि दरीकडे न पाहतां गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. चाकें गटारांत उतरलीं, अंग मातीच्या कडेला घांसलें, आणि आम्ही थांबलों. ट्रॉली तिरपी झाली होती. पण जोडावरील सांखळी त्यानें आठवणीनें लावलेली होती, तिनें ती धरून ठेवली. तो उतरला, चाकांपुढें दगड लावले, आणि मग रस्त्याच्या कडेस बसला. त्याचे हात कांपत होते. तोंवर ते कांपले नव्हते.

कांहीं वेळानें त्यानें तपासणी केली. भांड्यांत तेल खुणेपर्यंत होतें. एकाहि चाकाच्या आंतल्या बाजूस ओल नव्हती. म्हणजे गळती नाहीं. पाऊण तासानें ब्रेक निवले, आणि पेडल पुन्हां पूर्वीसारखें कडक लागूं लागलें! ट्रॉली तेथेंच दगड लावून ठेवली आणि पहिल्या गिअरमध्यें आम्ही साखरपें गांठलें.

तेथील मिस्त्रीनें सारें ऐकून जुनें तेल काढलें. नवें तेल मधासारखें असतें. हें काळपट चहासारखें होतें. त्याच्या सांगण्याचा अर्थ असा कीं, हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. साध्या प्रतीचें ताजें तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओल शिरली कीं तेंच १४० अंशांच्या सुमारास उकळूं शकतें. तापलेल्या ब्रेकनें तें उकळलें म्हणजे नळींत वाफ होते. तेल दाबलें जात नाहीं, म्हणून पायाचा जोर चाकांपर्यंत पोंचतो. वाफ दाबली जाते, म्हणून तो वाटेंतच विरतो. गाडी निवली कीं वाफेचें पुन्हां तेल होतें, आणि दोष दिसेनासा होतो. ट्रॉलीबद्दलहि त्यानें बजावलें, कीं तिच्या वजनाचा निदान दहावा हिस्सा गाडीच्या जोडावर पडला पाहिजे. ओझें ट्रॉलीच्या मागल्या टोकाला गेलें, तर ती गाडीचा मागला भाग उचलते आणि झोंके देते.

हें चाललें असतां पुतण्यानें माझ्याकडे एकदांहि पाहिलें नाहीं. खोडलेल्या ओळीचा उच्चार त्यानें केला नाहीं. आणि घरीं आल्यावर, "गाडी तापली म्हणून उशीर झाला," एवढेंच आईला सांगितलें. मला रात्रीं जेवण जाईना. शेवटीं पानावरच मीं अण्णांना आणि वहिनींना सर्व हकीकत सांगितली. ओळीचीहि, आणि गिअरचीहि.

अण्णा कांहीं बोलले नाहींत. वहिनी वाढतां वाढतां थांबल्या. मुलाकडे त्यांनीं एकवार पाहिलें, आणि मग म्हणाल्या, "भावोजी, आषाढांत डबा उघडला, तर पापड मोजून तितकेच भरतात. पण सादळलेले असतात."

बावीस वर्षें मीं मोजदाद केली. सादळणें म्हणून कांहीं असतें, आणि तें मोजून कळत नाहीं, हें आमच्या कोकणांत प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेलें सत्य माझ्या वहींत कधीं आलें नव्हतें.

त्याच रात्रीं ती ओळ मीं पुन्हां लिहिली. तिच्यापुढची रक्कम आंब्याच्या एका पेटीच्या दामालाहि पोंचत नव्हती. आतां ती दर दोन वर्षांनीं येते, आणि पुतण्याच्या अगोदर मीच तिची आठवण काढतों. वही अजून माझ्याकडेच आहे. परंतु गाडीचें पान लिहावयास मीं त्याला बसवितों, आणि तांबडी लेखणी त्या वेळीं फडताळांत असते.