शिवाजी महाराजांच्या निधनाची बातमी : २३ दिवसांनी पोहोचलेले वृत्त आणि आठ महिने टिकलेला संशय

एखाद्या सायंकाळी मोबाईलवर छायाचित्र येते. त्याभोवती काळी चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. पाच मिनिटांत तेच छायाचित्र आणखी चार गटांतून येते आणि वाचणाऱ्यास वाटते, चार ठिकाणांहून दुजोरा मिळाला. वास्तविक एकच वार्ता चार वाटांनी फिरून आलेली असते. हा पेच मोबाईलइतका नवा नाही. १६८० साली मुंबई, सुरत आणि बंगाल येथील इंग्रज व्यापारी याच पेचात सापडले होते, आणि प्रश्न होता छत्रपती शिवाजी महाराजांच्या मृत्यूचा.

२८ एप्रिल १६८० रोजी मुंबईकर इंग्रजांनी सुरतेस पत्र लिहिले. शिवाजीराजे मृत्यू पावल्याची खात्रीची बातमी आहे, त्यास आज २३ दिवस झाले. रक्तातिसाराने गेले असे म्हणतात, आजार १२ दिवसांचा होता, असा त्याचा आशय. या मजकुरातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. मृत्यू ‘खात्रीचा’, पण कारण मात्र ‘असे म्हणतात’. लिहिणाऱ्याने आपल्या माहितीच्या दोन तुकड्यांना दोन वेगळी वजने दिली आहेत. आजच्या श्रद्धांजली-संदेशात निधन, आजार, वेळ, रुग्णालय हे सारे एकाच ठामपणे सांगितलेले असते. संशय घ्यावा असे पहिले ठिकाण तेच.

पत्रातील हिशेब तपासूनही पाहता येतो. २८ एप्रिलमधून २३ दिवस वजा केले की ५ एप्रिल येतो. जेधे शकावलीतील नोंद शके १६०२ च्या चैत्र शुद्ध पौर्णिमेची, शनिवारची; म्हणजे इंग्रज त्या काळी वापरीत त्या जुन्या पंचांगाने ३ एप्रिल. त्या दिवशी शनिवारच होता, हे गणिताने पडताळता येते. तिथी, वार आणि तारीख यांची अशी गाठ पडणे हा भक्कम पुरावा. मुंबईकरांचा हिशेब दोन दिवसांनी चुकला; परक्या सत्तेच्या गडावरून ऐकीव आलेल्या वार्तेसाठी हे फारच थोडे. शिवाय रायगडावरचे कारभारी वारसाहक्काच्या गुंत्यात अडकले होते आणि पन्हाळ्यावरील संभाजीराजांपासून ही वार्ता दडवण्याचा प्रयत्न चालू होता, हेही ध्यानी घ्यावे.

सुरतकरांनी मात्र विश्वास टाकला नाही. मे महिन्याच्या आरंभी त्यांनी उत्तरादाखल कळवले ते साधारण असे : सर्व ठिकाणांहून दुजोरा येतो आहे, तरी काहींच्या मनात शंका आहे; कारण एखादी मोठी मोहीम हाती घेण्यापूर्वी राजाविषयी अशा वावड्या उठतात, हा पूर्वीचा अनुभव आहे.

शंका निराधार नव्हती. १६७६ च्या सुमारास महाराज साताऱ्यास आजारी असता त्यांना विष घातल्याच्या, ते गेल्याच्याही अफवा इंग्रजांच्या कानी आल्या होत्या. परंपरा तर असे सांगते की आग्र्याहून निसटल्यावर महाराजांनी बाल संभाजीराजांच्या मृत्यूची हूल स्वतःच उठवली. मागे ठेवलेला मुलगा सुखरूप परतावा म्हणून. मृत्यूची खोटी वार्ता ही ढाल होऊ शकते, हे ज्यांनी पाहिले वा ऐकले होते, त्यांनी १६८० मध्ये सावध राहणे स्वाभाविकच. इंग्रजांचे हितसंबंधही गुंतलेले होते. आदल्याच वर्षी खांदेरीवरून मराठ्यांशी त्यांची समुद्रात झुंज झाली होती. बातमी खरी मानून गाफील राहिले आणि राजा जिवंत निघाला, तर किंमत मुंबईला मोजावी लागली असती.

मग अधिकृत मुखातून आलेली वार्ता तरी निर्धास्त मानावी काय? मार्च १९७९ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहाने कामकाज थांबवले, आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम बंद केले. जयप्रकाशजी त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते. पंतप्रधानांचे पद मोठे. पण ते रुग्णाच्या खाटेपाशी नव्हते, दिल्लीत होते. पदाची उंची आणि घटनेशी जवळीक या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दिवशी जसलोकमधला एखादा कक्षसेवक अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरला असता. जयप्रकाशजींचे निधन झाले ते त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, पाटण्यास.

१६८० च्या मुंबईकरांचे वजन यासाठीच सुरतकरांहून अधिक होते. हुशारीत ते सरस होते म्हणून नव्हे; रायगड त्यांच्या जवळ होता एवढेच.

बंगालमधील इंग्रज तर सर्वांत दूर. त्यांच्या डिसेंबर १६८० च्या पत्रात उपहास आहे : शिवाजी इतक्यांदा मेला आहे की काहींना तो अमरच वाटू लागला आहे. त्यांनी एक कसोटीही सुचवली. त्याच्या आजवरच्या भरभराटीला ओहोटी लागलेली अनुभवास येईल, तेव्हाच त्याच्या मृत्यूवर विश्वास ठेवावा. कसोटी वरकरणी चोख वाटते. वार्तेपेक्षा परिणाम पाहावा असा तिचा रोख. परंतु तिच्यात एक गृहीतक दडले होते : राजा गेला की राज्य खचणारच. महाराज जाऊन तेव्हा आठ महिने लोटले होते. जानेवारी १६८१ मध्ये रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच सुमारास मराठी फौजा मोगलांच्या बुऱ्हाणपुरावर जाऊन धडकल्या.