ओठांची रजा

२१ नोव्हेंबर २०२४
रजा मंजूर झाली. आठ दिवस. आधी मागितली तेव्हा साहेब नुसते हसले होते, सगळ्या गाड्या मतदानाच्या कामाला लागलेल्या. काल मतदान झालं, आज सही. कारण: घरगुती.

२३ नोव्हेंबर
गोळ्या सुरू. सुई लागायच्या दोन दिवस आधीपासून. लहानपणापासून ताप आला की माझ्या ओठाच्या कडेला पाणीदार फोड उठतात. हे सांगितलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. ते विषाणू अंगातच दबा धरून बसलेले असतात. सुईनं ओठ डिवचला की उठतात, आणि फोड आले की भरलेला रंग जातो.
आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलंय, दाढ काढायची आहे.

२५ नोव्हेंबर, रात्री
"लिपस्टिक पुसा," म्हणाल्या. पुसली. ह्यांच्याशिवाय आणि एका नर्सशिवाय दुसऱ्या कुणी दिवसाउजेडी बघायची ही पहिलीच वेळ. वरचा ओठ डावीकडे अर्धा. खालच्या ओठाच्या मधोमध पट्टी. दोन्ही कोपरे. फोटो काढले.
वर्षभरात कुठं नवीन डाग आलाय का, तीनदा विचारलं. ओठावर, बोटांच्या टोकांवर, कुठंही. नाही. पांढऱ्या डागांना एक खोड असते, जखम होईल तिथं नवा डाग पडू शकतो. म्हणून डाग थांबलेले असतील तरच सुई.
हेही सांगितलं की हा इलाज नव्हे. रंग तयार करणाऱ्या पेशी तिथं नाहीतच, त्या परत यायच्या नाहीत. हा वरून आणून ठेवलेला रंग. दोनतीन वर्षांनी फिका पडेल, परत भरावा लागेल.
तीन रंग कालवले. तपकिरी, गुलाबी, किंचित नारिंगी. मुख्यतः लोखंडाचं ऑक्साइड. म्हणजे गंजच की. केळघर घाटातल्या मातीचा तांबडेपणाही त्याचाच.
हिरडीत इंजेक्शन देऊन ओठ बधिर केला. सुई दिसली नाही, आवाज आला. तिकिटाचा कागद मशीनमधून निघतो तसा, टरर्र, पण दीड तास न थांबता. बधिरलं असूनही नाकाखालच्या खळगीत आल्यावर डोळ्यांतून पाणी आलं.
घरी येताना मास्क. आता उतरवून बघितलं. आरशात मधमाशी चावलेली कुणीतरी बाई.

२६ नोव्हेंबर
सूज. वरचा ओठ नाकाला टेकेल असं वाटतंय. स्ट्रॉ नको, ओठ आवळावे लागतात. गरम नको, तिखट नको, आंबट नको. चमच्यानं पेज. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा दहा मिनिटं.
चिकट पाणी येतं. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवायचा, टिपायचं, घासायचं नाही. मग मलमाचा पातळ हात.
आत्या दारातून: "दाढ काढली का समदं थोबाड?"

२७ नोव्हेंबर
सूज निम्मी. पण रंग! जांभळं खाऊन आल्यासारखा. हे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "थोडं गडद आहे." थोडं!
कागदावर छापलंय, पहिले तीनचार दिवस असंच दिसणार. चौथ्यांदा वाचलं.

२८ नोव्हेंबर
ओठ ताणल्यासारखे. गोंद वाळावा तसे. हसता येत नाही. थोरल्यानं मुद्दाम हसवलं, धपाटा खाल्ला.
खाज.

२९ नोव्हेंबर
दुपारी मास्क काढून मलम लावत होते. आत्या आत आल्या. चपलांचा आवाज नाही, काही नाही.
माझी हनुवटी धरली. खिडकीकडं वळवली. तांदूळ निवडताना सूप उजेडाला धरतात तशी. कधी नव्हे तो चष्मा शोधला, नेसूच्या पदराला पुसला, लावला, परत हनुवटी धरली.
"सुई?"
"हो."
"काजळी भरली का?"
"नाही. डॉक्टरकडचा रंग."
बराच वेळ काही नाही. मग स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तीन ठिपके, खाली दोन. इतकी वर्षं बघतेय, आज पहिल्यांदा मोजले. नऊ वर्षांच्या होत्या. वैदीण आली होती, सुयांचा जुडगा, दिव्याची काजळी कालवलेली. दोघींनी हातपाय धरले. वर हळद थापली. पाच दिवस तोंड सुजलेलं. "मग कोंडा झडल्यावाणी झडतंय. तवा हात लावायचा न्हाय. म्या लावला. ह्यो बघ."
खालच्या दोन ठिपक्यांच्या शेजारी रिकामी जागा. तिसरा तिथं होता.
हळद आणायला उठल्या. डॉक्टरांनी मलमाखेरीज काही नको सांगितलंय म्हटलं. गाल फुगवून बसल्या. पण आणली नाही.
मी कशाला भरला, ते विचारलं नाही.

३० नोव्हेंबर
कोंडा सुरू. वरच्या ओठावरून बारीक पापुद्रे, रंगासकट. उशीवर तांबूस कण.
भिशीचे पैसे मोजत होते. अंगठा आपोआप ओठाकडं. एक पापुद्रा अडकला, ओढला गेला. मोहरीएवढं रक्त. खालच्या ओठावर, मधोमध.
आत्यांना सांगितलं नाही. कंडक्टरकीचा अंगठा आहे, थुंकी लावल्याशिवाय नोट सुटत नाही त्याला.

१ डिसेंबर
गेला. सगळा गेला.
सकाळी ओठ धुतले तर खाली गुलाबी, पांढुरका, धड कुठलाच रंग नाही. डाग आहे तिथं आहेच. दीड तासाची सुई, सहा दिवसांची पेज, पैसे. हे म्हणाले, फोन कर. केला. पलीकडच्या मुलीनं पाठ केल्यासारखं सांगितलं: वरची नवी त्वचा जाड असते, रंग झाकलेला असतो, चार आठवड्यांनी दिसतो, आत्ता निर्णय घेऊ नका.
निर्णय कसला. लिपस्टिक लावायची नाही सांगितलंय, आणि परवा ड्युटी.

२ डिसेंबर
आत्यांना दाखवलं. त्यांनी शहाण्यासारखी मान हलवली. "आदी जातंय, मग उतरतंय. माजं हिरवं व्हायला म्हैना ग्येला."
कागदावरही तेच छापलंय. पण आत्यांचं पटलं.

३ डिसेंबर
हजर. सातारा–महाबळेश्वर, मेढामार्गे. मास्क. ड्रायव्हरकाका: "काय, परत कोरोना का?" दाढ म्हटलं.
पिशवीत ओला स्पंज ठेवलाय, डबीत. अंगठा स्पंजाला, मग नोटेला. दर तिसऱ्या नोटेला हात मास्ककडं जातो, मास्क ओला होतो.
महाबळेश्वरच्या स्टँडवर गाडी मागं घ्यायची होती. शिट्टी गळ्यात. मास्क खाली करावा लागणार, ओठ आवळावे लागणार. मागं उभी राहिले आणि पत्र्यावर थापा मारल्या. एक येऊ दे, दोन थांब. काकांना कळलंच नाही. कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबले. उतरून आले आणि जे बोलले ते इथं लिहीत नाही.

५ डिसेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. शेजारणी आल्या. मी मास्क लावून हळदी-कुंकू लावत होते. एकीनं विचारलंच. मी तोंड उघडायच्या आत आत्या: "दाढ काडलीय तिची. आतून टाकं हायत. बोलायचं न्हाय सांगितलंय." टाक्यांचं मला माहीतच नव्हतं.
पाठ फिरवून त्यांनीच सगळ्यांना केळी वाटली.

८ डिसेंबर
थंडी पडलीय. ओठ फुटतात. व्हॅसलिन दिवसातून आठ वेळा. टोपीच्या चोचीखाली मास्क, मास्कखाली व्हॅसलिन, त्यावर घाटाची धूळ.
बोटांची टोकं बघितली. दहाही. ठीक.

९ डिसेंबर
परत बघितली. ठीक.

१२ डिसेंबर
आगारात रक्तदान शिबिर. दरवर्षी देते. अर्जावर प्रश्न: गोंदवून घेतलंय का, कधी. खोटं लिहायला पेन टेकवलं होतं. मग खरं लिहिलं. बारा महिने नाही म्हणाले. तिथला मुलगा मनगटं बघत होता, कुठं गोंदवलंय शोधत. दाखवलं नाही.
बिस्किटाचा पुडा मात्र दिला.

१४ डिसेंबर
दत्तजयंती. गर्दी, उभं राहायला जागा नाही. रात्री तोंड धुताना वरच्या ओठावर डावीकडं काहीतरी. दिवा बदलून बघितलं. ह्यांना उठवलं. "झोप," म्हणाले.
आहे. फिका चहा सांडल्यासारखा.

१५ डिसेंबर
सकाळच्या उजेडातही आहे.

२३ डिसेंबर
चार आठवडे. वरचा ओठ जवळजवळ एकसारखा. जवळून बघितलं तर शिवण दिसते. माझा रंग संपतो, डॉक्टरीणबाईंचा सुरू होतो. हातभर लांबून कळत नाही, आणि तिकिटाला सगळे हातभर लांबच असतात.
कोपरे कोरेच. तिथं सतत ओल आणि हालचाल, रंग धरत नाही लवकर, हे आधी सांगितलं होतं. खाली मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका. तो मात्र माझा.
ठिपका आत्यांना दाखवला. खूश झाल्या. "सांगितलं हुतं!"

२९ डिसेंबर
मास्क काढून घरात. धाकटीनं विचारलं, "आई, तुझी लिपस्टिक कुठंय?" तिनं मला कधी लिपस्टिकशिवाय बघितलेलंच नाही. तिच्या जन्माच्या वर्षी, २०१६ ला, पहिला ठिपका आला. ती उठायच्या आत मी लावलेली असायची. आंघोळ, लिपस्टिक, मग चूल. ऑपरेशनला नेलं तेव्हा नर्सनं पुसायला लावली, तर भूल उतरल्यावर पहिलं ती मागितली होती म्हणे.

३१ डिसेंबर
भाकरी थापत होते, आत्या पाटावर. सहज, लसूण सोलता सोलता: "पैल्या सालीच बगितलं हुतं म्या. न्हाऊन बाहेर आल्यालीस, पोर रडत हुती म्हणून तशीच धावलीस."
भाकरी करपली.
आठ वर्षं. आल्यागेल्यासमोर मला नटवी म्हणायच्या. आमची सून लई नटवी, एस्टीत जातीय का शिनेमात. जावेसमोर, नणंदेसमोर, बारशात, बाराव्याला. मी न्हाणीत जाऊन रडलेय त्यावर. आज भाकरी उलटताना आठवत बसले. एकटी असताना कधी म्हणाल्या होत्या का? एकदाही आठवत नाही. नेहमी चारचौघांतच.
विचारलं नाही. त्यांनी लसूण संपवला.

९ जानेवारी २०२५
दुसरी बैठक. नुसते कोपरे आणि ठिपका. वीस मिनिटं. ह्या वेळी आत्यांना खरं सांगून गेले. निघताना म्हणाल्या, "बाईला म्हणावं, हनवटीवर एक काडतीस का माजा, र्‍हायलेला." डॉक्टरीणबाईंना सांगितलं. हसल्या, मग म्हणाल्या, आणा त्यांना.

१० जानेवारी
सूज नाहीच म्हणावी इतकी. ड्युटी. काकांना आधीच सांगून ठेवलं: आज शिट्टी नाही, थापा. एक येऊ दे, दोन थांब. हात जोडले त्यांनी.

१४ जानेवारी
संक्रांत. कोपऱ्यांचा कोंडा चालू. तिळाचा लाडू दातांनी फोडायचा नाही, कुस्करून चमच्यानं खाल्ला. गोड बोलायला तोंड उघडतं तेवढं बास.

१५ जानेवारी
आत्या डॉक्टरकडं यायला नाही म्हणाल्या. "मेल्यावर संगं येतंय त्ये एवडंच. जेवडं हाय तेवडं बास. वर जाऊन मोजल्यात म्हंजे कुनी?"

२० जानेवारी
डावा कोपरा परत पांढुरका. माहीत आहे आता. फोन केला नाही.

२५ जानेवारी
काल मध्यरात्रीपासून भाडेवाढ. १४.९५ टक्के. मशीनमध्ये नवे दर, माणसांच्या खिशात जुने पैसे. पहिल्या फेरीपासून भांडण.
मास्क नाही. लिपस्टिक नाही. पिशवीत दोन्ही आहेत.
मेढ्याच्या आधी एक बाई चढली. कालपर्यंत एवढ्यात जात होते, आज एवढं कसं? अर्ध्या तिकिटातही वाढ? सरकारनं एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढलं. सगळं मलाच. माझ्या तोंडाकडं बघून, हातभरसुद्धा नाही, वीतभर अंतरावरून. मीही बोलले. मशीन दाखवलं, दर दाखवला, मी ठरवत नाही बाई म्हटलं. तिच्या मांडीवरचं पोर आळीपाळीनं दोघींच्या तोंडाकडं बघत होतं. शेवटी सुट्ट्यांवरून परत पाच मिनिटं. तिनं रुपया सोडला नाही, मीही नाही.
उतरताना म्हणाली, "कंडक्टर भारी तोंडाळ हाय."
महाबळेश्वरला गाडी मागं घ्यायची होती. शिट्टी काढली. टोकाला, जिथं तोंडात धरते तिथं, जुनी मरून लिपस्टिक खाचेत बसलेली. पिनेनं खरवडली, पदर नाही म्हणून खाकी बाहीला पुसली. वाजवली.
काका आरशातून बघून म्हणाले, "आली का शिट्टी!" कठड्यापासून हातभर आधीच थांबले.