अबोल

उंची सहा फूट चार इंच. चेहरा असा, की त्यावर ऊन पडलं काय, सावली पडली काय, रेष हलायची नाही. टॉम ब्रॅडलीची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहते ती त्या न हललेल्या रेषेसाठी. लॉस एंजेलिसच्या नगरभवनातला ‘स्फिंक्स’ म्हणत त्याला. वीस वर्षं महापौर राहिलेल्या माणसाचं इतक्या थोड्या बोलण्यावर कसं भागलं, या नवलानं मी त्याच्याकडे वळले. आणि हळूहळू उमगलं की हे मौन राजकारणानं दिलेलं नव्हतंच.

ते फार जुनं होतं.

टेक्सासमधलं कॅल्व्हर्ट, १९१७चा डिसेंबर. आजोबांनी गुलामी भोगलेली, आईवडील दुसऱ्याच्या रानात वाट्यानं कापूस पिकवणारे. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात, नखाच्या कडेला टोचतात, आणि पांढऱ्याशुभ्र कापसावर रक्ताचा एक ठिपका उमटतो. विदर्भातल्या वेचणाऱ्या बायकांना हे कुणी सांगायला नको. १९२४मध्ये घर लॉस एंजेलिसला आलं. वडील रेल्वेत हमाल, आई लोकांच्या घरी कामाला. १९३२चं ऑलिंपिक त्याच शहरात भरलं, तेव्हा हा पोरगा मैदानाच्या कुंपणाला डोळा लावून आतले धावपटू बघत होता. पुढे तो स्वतः विद्यापीठासाठी पाव मैल धावला. फार क्रूर अंतर ते; वेग सोडायचा नाही आणि दमही जाऊ द्यायचा नाही.

१९४०मध्ये शिक्षण अर्धं टाकून तो पोलिसात भरती झाला. गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात ढोलताशांच्या गदारोळात उभा असलेला एखादा हवालदार आठवून पाहा: गुलाल उडतो, कुणी कानाशी ओरडतं, कुणी अंगावर येतं, आणि तो मात्र दोरी धरून, नजर कुठंतरी लांब लावून, स्वतःच्या आतला माणूस आतच ठेवून उभा. ब्रॅडली तसा एकवीस वर्षं उभा राहिला, आणि त्याचा गदारोळ निराळा होता. काळ्या पोलिसानं काळ्यांच्या वस्तीत फिरायचं, गोऱ्या सहकाऱ्याच्या गाडीत बसायचं नाही. अंगावर कायद्याचा बिल्ला असूनही याला गोऱ्या वस्तीत घर घेताना गोऱ्या माणसाला पुढे करावं लागलं. ड्युटी सांभाळून रात्री कायदा शिकला. लेफ्टनंट झाला. त्यावर जिना नव्हता.

मग त्यानं वर्दी उतरवली. चेहरा उतरवता आला नसावा.

१९६३मध्ये तो नगर परिषदेत निवडून आला. १९६९मध्ये महापौरपदाला उभा राहिला, तेव्हा पहिल्या फेरीत पुढे होता; दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी सॅम यॉर्टीनं लोकांना असं काही भेवडावलं की हयातभर पोलिसात राबलेला माणूसच शहराच्या जिवावर उठलेला वाटू लागला. हरला. १९७३मध्ये त्याच यॉर्टीला हरवून तो जिंकला, आणि तेही काळे लोक पाचव्या हिश्श्याहूनही कमी असलेल्या शहरात. १९८४मध्ये ऑलिंपिक पुन्हा तिथं भरलं. कुंपणाबाहेरचा तो पोरगा आता यजमान होता. खेळ संपले तेव्हा हिशेबात वीस कोटींहून जास्त डॉलर शिल्लक! त्याच वर्षी उघडलेल्या विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलला त्याचं नाव आहे. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आपल्याकडच्या कितीतरी आया, पिशवीत डिंकाचे लाडू आणि पोटात इमिग्रेशनचा गोळा घेऊन, त्या नावाखालून बाहेर पडल्या असतील.

माझं मन मात्र त्या वैभवापाशी रमत नाही. ते १९९२च्या एप्रिलपाशी जाऊन थांबतं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे पोलीस खटल्यातून सुटले आणि शहर पेटलं; पन्नासहून अधिक माणसं गेली. महापौर एकेकाळचा पोलीस, पोलीसप्रमुख डॅरिल गेट्सही त्याच खात्यात वाढलेला, आणि दोघांमध्ये वर्षभराहून अधिक काळ बोलणंच नव्हतं. महापौराला पोलीसप्रमुखाला हटवता येत नसे, ही कायद्यातली गोम खरी. पण शहर जळत असताना दोन दारांमधला तो अबोला मला अजून खुपतो. ज्या मौनानं त्याला वस्तीतून नगरभवनापर्यंत आणलं, त्यानंच तिथं त्याचा घात केला, असं मला वाटतं. त्याचे चाहते हे मानणार नाहीत.

पुढच्या वर्षी तो पायउतार झाला. १९९६मध्ये आधी हृदयविकार, मग पक्षाघात, आणि वाचा गेली. त्यानंतर दोन वर्षं तो जगला. १९९८च्या सप्टेंबरात, ऐंशीव्या वर्षी गेला. एप्रिलच्या त्या रात्रींबद्दल मला सगळ्यात जास्त त्याच्याकडूनच ऐकायचं होतं, महापौर म्हणून नव्हे, गस्त घातलेला एक जुना पोलीस म्हणून.