काजळी कुठून आली?

मिरकरवाड्याला रेल्वे कधी आली नाही. कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर, कुवारबावच्या बाजूला. बंदरातली मासळी टेम्पो-ट्रकनं परस्पर कोल्हापूरच्या रस्त्याला लागते. माझ्या माळ्यावर मात्र प्लायच्या फळीवरून मॉडेल रेल्वे थेट जेटीपर्यंत उतरते आणि बर्फाच्या कारखान्याला खेटून थांबते. ही थाप मी जाणूनबुजून मारली आहे. दुसरी थाप रुळांची. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात रूळ मिळतात १६.५ मिलिमीटर अंतराचे. आपल्या ब्रॉडगेजला हिशेबानं सव्वाएकोणीस लागतात. तीही चालवून घेतली. (कोकण रेल्वेवरचा पानवलचा पूल करायचाही मोह झाला होता. त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटर, म्हणजे माझ्या प्रमाणात पाऊण मीटरच्या आसपास. डब्यांनी माळ्याची कौलं उचलली असती.) या थापांची मला लाज नाही. लाज आहे ती इमारतींची.

वेड लागलं ते पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ साली लोकांसाठी खुलं झालेलं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलं आणि घरी येताना डोक्यात फक्त सिग्नल होते. तिथलं शहर झगझगीत आणि नीटनेटकं आहे. मला वाटलं, आपल्याला आपलं बंदर करायचंय, ते वापरातलं दिसलं पाहिजे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या जॉर्ज सेलिओस यांच्या ले-आउटचे फोटो हाती लागले. १९३० च्या दशकातल्या मंदीतलं शहर: काळवंडलेल्या विटा, भिंतींवरच्या विटक्या जाहिराती, खिडक्यांखाली काळे ओघळ. फोटो पाहून मी इतका खुळावलो की तीच वीट, तोच काळा रंग मिरकरवाड्यात आणून ओतला.

पहिला बळी बर्फाचा कारखाना. परदेशी विटांचा छापील कागद चिकटवला, त्यावर पातळ काळ्या रंगाचे हात दिले आणि रुळांकडची बाजू मनापासून धुरकट केली. तयार झाल्यावर भाच्याला दाखवला. त्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "मामा, ही काजळी कुठून आली?"

मला उत्तर देता येईना. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्गावर सुरू झाली ती डिझेलवर. २०२२ मध्ये ती विजेवर आली. कोळशाच्या इंजिनांचा जमाना या मार्गानं पाहिलाच नाही. सेलिओस यांच्या भिंती कोळशानं काळ्या झाल्या होत्या, माझी भिंत त्यांच्या फोटोनं. आणि वीट तरी कुठली? आमच्याकडे जुनी भिंत म्हणजे जांभा. चिरा फूट-सव्वा फूट लांब, १:८७ मध्ये जेमतेम चार मिलिमीटर. माझ्या कागदावरची वीट त्याच्या निम्मी. कारखान्यापेक्षा तो कागदच जास्त महाग पडला होता, म्हणून पुढचे कितीतरी दिवस तो तसाच ठेवला, हेही सांगून टाकतो.

मग पत्र्याच्या शेड. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोलून त्यांची फॉइल दातेरी पट्टीवर दाबली की सुरेख पन्हाळी पत्रा तयार होतो, हे मला जमलं होतं. त्यावर गंज चढवला तोही हौसेनं: पत्र्याच्या मध्यभागी नारिंगी ढब्बे, जणू गुलमोहर गळून पडलाय. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तांडेलांनी ते पाहिलं. आयुष्य समुद्रावर गेलेला माणूस, बोलणं मोजकं. म्हणाले, "पत्रा मधून नाय सडत. खिळ्यापासून सडतो." दुसऱ्या दिवशी मी जेटीवर मान वर करून फिरलो. खरंच. जस्ताचा लेप जिथे फुटतो तिथेच गंज धरतो: खिळ्याच्या भोकाशी, कापलेल्या कडेला, एका पत्र्यावर दुसरा चढतो त्या जोडात. तिथून तो पन्हळीतून खाली ओघळतो. मधला पत्रा निव्वळ निस्तेज, राखाडी. जन्म या गावात गेला आणि मी वर कधी पाहिलं नव्हतं.

तांडेलांचं ऐकून शहाणा झालो असं नाही. लगेच मिठाची युक्ती करायला बसलो. तळाला गंजाचा रंग द्यायचा, ओल्या पृष्ठभागावर मिठाचे कण टाकायचे, वरून दुसरा रंग मारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडायचं. खालचा गंज पोपडे गेल्यासारखा डोकावतो. कोरड्या हवेत झकास होते म्हणे. मी ती केली जुलैत, रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. रात्रीतून मीठ पाझरलं, रंगासकट ओघळलं आणि ले-आउटवर उतरलं. खोटा गंज बिघडलाच, वर सांधे बदलणाऱ्या यंत्रातल्या स्प्रिंगा खऱ्या गंजल्या.

हे सगळं तंत्राचं होतं, भरून निघालं. खरी चूक वेगळी होती आणि ती मला शेजारच्या चाचींनी दाखवली.

त्यांचं घर मी जेटीमागच्या गल्लीत केलं होतं. फार प्रेमानं केलं होतं: ओटा, पडवी, दाराशी उपडी टोपली. आणि इतर सगळ्यांसारखंच ते मळवलं होतं. उडालेला रंग, तपकिरी डाग, दारावर ओरखडे. चाची चष्मा लावून बराच वेळ बघत होत्या.

"हे माझं घर?"

"हो ना चाची, ओळखलंत ना?"

"ओटा ओळखला. पण माझ्या घराला कधी रंग लागलाच नाही का रे? ईदेला रंग काढते मी, तुझ्या डोळ्यांसमोर."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या दाराची चौकट हिरवीगार असते, ओटा रोज धुतला जातो. कोळीवस्ती म्हटलं की कळकट, हे मी कुठून उचललं? समोरच्या गल्लीकडे न बघता, फोटोतल्या मंदीकडे बघून. बाहेरून येऊन नाकाला रुमाल लावणाऱ्या पाहुण्यांवर मी चिडायचो, आणि माझा ब्रश त्यांचंच काम करत होता. होड्यांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्या काळात होड्यांची डागडुजी होते, नवे रंग लागतात. ऑगस्टच्या सुरुवातीला बंदर वर्षातलं सर्वांत रंगीत असतं. माझ्या होड्या मात्र बुडालेल्या जहाजातून वर काढल्यासारख्या.

म्हणून पहिल्यांदा महिना ठरवला: ऑगस्ट. महिना ठरला तशी निम्मी भांडणं मिटली. ऑगस्टमध्ये गडग्यांवर शेवाळ हिरवं असतं. तेच एप्रिलमध्ये वाळून काळं पडतं, आणि त्या काळ्यालाच बाहेरचा माणूस काजळी समजेल. मग वाऱ्याची दिशा. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या अंगाची भिंत ओली, पोपडे धरलेली, आणि झड अडवायला निळं प्लास्टिक बांधलेली. पूर्वी झापं बांधत. पलीकडची भिंत जवळजवळ कोरी. वळचणीखालचा वरचा पट्टा स्वच्छ. पागोळ्या पडतात तिथे लाल मातीचे शिंतोडे, जोत्यापासून फूट-दीड फूट वर, म्हणजे फार तर पाच मिलिमीटर. त्यासाठी विकतची पावडर फेकून जांभ्याचीच भुकटी घेतली. नुसती वापरली तर कण धोंड्यांएवढे दिसतात, मलमलीतून गाळावी लागते. वरून मॅट वार्निश मारलं की निम्मी भुकटी गायब होते, तेव्हा गरजेपेक्षा जास्तच लावायची. चाचींचं घर पुन्हा रंगवलं. चौकटीचा हिरवा त्यांनी स्वतः पसंत केला, आधीचे दोन नाकारून.

बर्फाचा कारखाना मोडून जांभ्यात नव्यानं बांधला. आत मिठाच्या पाण्यात बर्फाचे डबे बुडवलेले असतात, त्यामुळे तिथला लोखंडी दरवाजा आतून आणि खालून सडतो. हे मात्र कोणी सांगायच्या आधी पाहिलं.

२०२५ च्या जानेवारीत बंदराच्या जागेतली अनधिकृत बांधकामं मोठ्या संख्येनं पाडली गेली. ज्यांच्याखाली मान वर करून फिरलो त्यातल्या काही शेड आता नाहीत. भाचा म्हणतो, ले-आउटवरूनही काढ, नाहीतर खोटं होईल. मी ऐकलं नाही. माझा ऑगस्ट त्याआधीचा आहे, शेड राहतील. तांडेलांची हरकत निराळीच: शेडच्या छपरांवर टायर कुठे आहेत, पहिल्याच वावटळीत पत्रे उडतील. स्कूटरच्या टायरला माझ्या प्रमाणात पाच-सहा मिलिमीटरचं कडं हवं. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून पाहिली, तर कड फार पातळ येते आणि छपरावर बांगड्या वाळत घातल्यासारख्या दिसतात. वायरचं आवरण कापलं तर भोक उरत नाही. सध्या काळी सुतळी पिळून बघतोय.