चवड्याखालची जागा

नाशिक हे सायकलींचे गाव आहे असे म्हटले, की पुणेकर हसतात. हसोत बापडे! त्यांच्या सायकली केव्हाच स्कूटरींना शरण गेल्या; आमच्याकडे मात्र चिवडा, द्राक्षे आणि कुंभमेळा यांच्या पंगतीत सायकलीने अलीकडे चांगली मांडी ठोकली आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. त्या बातमीने गावातल्या किती पोट सुटलेल्या गृहस्थांनी माळ्यावरच्या सायकली खाली काढल्या याची मोजदाद कोणी केलेली नाही. त्यांतला एक मी.

माझी हौस मात्र निराळी होती. माझी आई तरुणपणी एकदा त्र्यंबकहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेली होती. सिन्नर, नगर, करमाळा ही नावे तिच्या तोंडून मी माहेरच्या माणसांच्या नावांसारखी ऐकली. चालण्याचा माझा वकूब नाही हे मला ठाऊक होते. पण नाशिकहून दरवर्षी आषाढीच्या आधी शेकडो सायकलस्वारांची वारी पंढरपूरला निघते, तिच्यात तरी आपले नाव लागावे असे निवृत्त झाल्यापासून मनात होते. तीनशेहून अधिक किलोमीटर! “तुमच्या गुडघ्यांना विचारलंत का?” असे सौभाग्यवतींनी विचारले. मी विचारले नव्हते.

नॉर्वेत असलेल्या आमच्या लेकीने ही गोष्ट फारच मनावर घेतली आणि वाढदिवसाला सायकलस्वारांचे खास बूट धाडले. या बुटांच्या तळव्याला ‘क्लीट’ नावाची बोटभर लांबीची पोलादी चकती दोन स्क्रूंनी बसवायची असते. ती पेडलमधल्या खटक्यात ‘खट्’कन अडकते आणि तुम्ही सायकलला जखडले जाता. टाच बाहेर वळवली की सुटका. हे ऐकायला सोपे आहे. पहिल्या दिवशी कॉलेज रोडच्या सिग्नलला मी सायकलसकट, अगदी सावकाश, झाड पडावे तसा उजव्या अंगावर आडवा झालो. शेजारच्या रिक्षावाल्याने “काका, पाय टेकवायचा असतो,” एवढेच सांगितले.

पण पडणे हा खरा प्रश्न नव्हता. खरा प्रश्न चकती बुटाला नेमकी कुठे बसवायची, हा होता. तळव्यावर खाच लांबट असते, चकती तिच्यात पुढेमागे सरकते, थोडी तिरकीही फिरते. मी सुताराच्या आत्मविश्वासाने ती खाचेच्या पुढच्या टोकाला, अगदी बोटांजवळ आणि नाकासमोर सरळ अशी आवळून टाकली. सरळ ते बरोबर, अशी आमची शाळेपासूनची शिकवण.

आणि पहाटे त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो.

हा अठ्ठावीसेक किलोमीटरचा रस्ता मी मोटारीने शंभरदा पाहिला असेन. सायकलवर तो पहिल्यांदा वाचला. सातपूरच्या कारखान्यांची वस्ती सरली, की हवेत गारवा येतो. महिरावणी मागे पडते आणि डावीकडे अंजनेरीचा डोंगर धुक्यातून खांदे वर काढतो. चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. आपण दमलो आहोत की रस्ता चढतो आहे, असा संशय येत राहतो. दोन्ही खरे असते. अंजनेरीपाशी माझ्या पायांची बोटे बधिर झाली. पेगलवाडीला पोटरीत गोळा आला. आणि ब्रह्मगिरीचा कडा समोर उभा राहिला तेव्हा उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला कोणीतरी दाभण टोचत होते. निवृत्तिनाथांच्या समाधीला मी लंगडत गेलो आणि परत आलो तो टेंपोत, सायकल कोथिंबिरीच्या जुड्यांवर आडवी टाकून.

माझ्या वडिलांचा गुडघा कधी दुखला नाही. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात ते पंचवटीतून रोज काळ्या हर्क्युलिसवर जात, पायांत साध्या चपला. पेडल तळव्याच्या मधोमध, जवळजवळ टाचेपाशी. पावले दहा वाजून दहा मिनिटे झाल्यासारखी बाहेर वळलेली. आम्ही मुले त्यांना हसत असू.

रात्री लेकीला हे सारे सांगितले तर ती हसूच लागली. म्हणाली, “बाबा, मी सकाळपासून हेच करतेय!” आणि तिने पडद्यावर दोन लांबलचक नव्या स्की उभ्या केल्या. तिथल्या टेलेमार्क नावाच्या मुलखातली घसरण्याची एक जुनी तऱ्हा आहे. तीत बुटाचा पुढचा भाग स्कीला बांधलेला आणि टाच मोकळी. वळताना एक गुडघा वाकवून, नमस्काराला बसावे तसे खाली जायचे. सोंड्रे नुरहाइम नावाच्या त्या मुलखातल्या एका गरीब माणसाने झाडाच्या फांद्या पिळून टाचेमागून बंध घेतले आणि १८६८ साली राजधानीतल्या स्पर्धेत शहरी मंडळींना थक्क केले. तो बंध स्कीवर नेमका कुठे ठोकायचा, यावर तिथे अजून वाद चालतात. जुनी रीत म्हणजे स्की बोटावर तोलून धरायची आणि जिथे ती समतोल राहील तिथे बुटाचे टोक आणायचे. त्याहून पुढे बसवले तर वळायला चपळ, पण भुसभुशीत बर्फात टोक बुडते. मागे बसवले तर टोक तरंगते, पण वळताना स्की ऐकत नाही.

“तुमचं बरं आहे बाबा,” ती म्हणाली, “तुमची चकती सरकते. माझ्या स्कीला एकदा भोक पाडलं की पाडलं. बुजवता येतं म्हणतात, पण मन घेत नाही. तीन आठवडे नुसत्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.”

मग तिने आणखी एक गंमत सांगितली. खटक्याचे हे पेडल बाजारात लोकप्रिय केले ते फ्रान्समधल्या ‘लूक’ या कंपनीने, १९८४ साली. आणि ही कंपनी मुळात स्कीचे बंध बनवणारी! पडताना बूट आपोआप सुटावा ही बर्फावरची विद्या तिने पेडलमध्ये आणली. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने ती पेडले वापरून पाचव्यांदा ‘टूर द फ्रान्स’ जिंकली, आणि मग कातडी पट्ट्यांचे जुने पिंजरे अडगळीत गेले. म्हणजे त्र्यंबकच्या रस्त्यावर माझ्या गुडघ्यात जे दाभण टोचत होते, त्याचे घराणे बर्फातले निघाले.

आमच्याकडे आता सायकलचे माप काढणारे लोक आहेत. शिंप्यासारखी टेप घेऊन बसतात. अशाच एका तरुणाकडे गेलो. बूट पाहण्याआधी त्याने मला टेबलावर बसवून पाय नुसते लोंबू द्यायला सांगितले. माझा डावा पाय सरळ, उजवा चांगलाच बाहेर वळलेला. “काका, हा पाय जन्मापासून फेंगडा आहे. तुम्ही त्याला शिस्त लावायला गेलात. त्र्यंबकपर्यंत पेडलचे सहा-सात हजार फेरे होतात. तेवढ्या वेळा गुडघा पिळला, तर तो बोलणारच.”

मग त्याने मला बूट घालून उभे केले. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जे हाड वर येते तिथे एक खूण केली, करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरी. या दोन खुणांच्या दरम्यान पेडलचा आस यावा, ही सर्वसाधारण रीत. पण लांब पल्ला असेल आणि वय झाले असेल (हे त्याने हळूच म्हटले), तर चकती आणखी थोडी टाचेकडे घ्यावी. पोटरीवरचा आणि बोटांवरचा भार कमी होतो. वेगाने मुसंडी मारायची असेल तर पुढची जागा बरी. “तुम्हाला मुसंडी मारायची आहे का?” मी नाही म्हटले. त्याने उजवी चकती थोडी तिरकी केली, म्हणजे पाऊल त्याच्या जन्मजात वळणावर राहील. डावी सरळच ठेवली. माझा डावा पाय उजव्याहून किंचित लांब आहे हे साठ वर्षांत मला प्रथमच कळले. खणात गेलेल्या प्रत्येक दुकानदाराला ते ठाऊक असणार, पण कोणी बोलला नव्हता.

घरी येऊन बूट उलटे करून पाहिले. चकत्या जवळजवळ तळव्याच्या मध्याकडे गेलेल्या, उजवे पाऊल दहा मिनिटांच्या काट्यासारखे बाहेर. छापखान्यात जाणारी ती काळी हर्क्युलिस डोळ्यांपुढून गेली.

पुन्हा त्र्यंबक. एकदा, दोनदा, चारदा. दुसऱ्या खेपेला दाभण गेले, तिसऱ्या खेपेला गोळा. बधिरपणा थोडा राहिला, तेव्हा चकती आणखी केसभर मागे घेतली. तरुणाने एक सल्ला दिला होता: जागा बसली की चकतीच्या कडेने पक्क्या रंगाची रेघ मारून ठेवा. घरात पक्का रंग एकच सापडला.

यंदाच्या वारीत करमाळ्याच्या पुढे, दुपारच्या उन्हात, उजव्या बुटाचा एक स्क्रू ढिला झाला आणि चकती फिरली. पाच मिनिटांत गुडघा कुरकुरू लागला. लिंबाच्या सावलीला बसलो, बूट उलटा केला. तळव्यावर सौ.च्या नेलपॉलिशची लालभडक चौकट शाबूत होती. तिच्यात चकती नेऊन बसवली, अ‍ॅलन कीने आवळली आणि निघालो.

पंढरपुरातून घरी फोन केला. पोचल्याचे ऐकून सौ.ना आनंद झाला. मग म्हणाल्या, “ती बाटली तुम्ही घेतली होती ना? मी बिचाऱ्या मोलकरणीला विचारत होते.”

लेकीने अजून स्कीला भोक पाडलेले नाही.