बाकी ठीक

मोटारसायकलीचा गिअर कसा बदलावा, हा काही लेखाचा विषय होऊ शकत नाही, असे पुष्कळांना वाटेल. मलाही परवापरवापर्यंत तसेच वाटत होते. परंतु गेल्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला, आणि वाचन बंद असल्यामुळे घरी स्वस्थ पडून राहण्याच्या त्या दोन-चार दिवसांत मन आपोआप मागे गेले. ते जाऊन थांबले १९८२ सालच्या हिवाळ्यात, इंदूरच्या रामबागेतील आमच्या जुन्या घराच्या ओट्यापाशी. तिथे अण्णांची फटफटी उभी असे.

फटफटी म्हणजे बुलेट, साडेतीनशे सीसीची. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या या गाडीचा त्या काळी मोठा दरारा होता. अण्णांनी ती महूच्या छावणीतून एका निवृत्त होणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याकडून जुनी विकत घेतली होती. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर दांडी वर उचलून पडे, पुढचे तीन खाली दाबून. शेजारी टाचेने दाबायची आणखी एक लहानशी दांडी असे. ती दाबली की वरच्या कुठल्याही गिअरमधून गाडी एकदम न्यूट्रलला येई. आमच्या समोरच्या घरी येझ्दी होती, तिची तऱ्हा निराळी. तिची किक मारायची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होई, आणि ती पायाने दाबताच क्लचही आपोआप दाबला जाई. समोरच्यांचा मुलगा आठ दिवसांत गाडी शिकून गावभर हिंडू लागला. मला तीन महिने लागले.

तीन महिने लागले ते माझ्या मंदपणामुळे नव्हे, अण्णांमुळे. अण्णा कापडाच्या गिरणीत विणकाम खात्यात होते. यंत्राला धक्का देणारा माणूस त्यांच्या दृष्टीने अडाणीच नव्हे, तर असभ्य होता. पहिले आठ दिवस त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. मोठ्या स्टँडवर चढवलेल्या बुलेटवर मी बसायचे, क्लच दाबायचा आणि पायाने गिअर टाकायचा, एवढाच धडा. बंद गाडीचा गिअर पुष्कळदा पडतच नसे. मी चिडून दांडीवर पाय दाबू लागलो की अण्णा मागचे चाक हाताने थोडेसे फिरवीत, आणि इतका वेळ अडून बसलेला गिअर अगदी हलक्या दाबाने ‘खट्’ करून बसे.

“पाहिलेस?” ते म्हणत. “आतली चक्रे एकमेकांत कायमचीच अडकलेली असतात. सरकतात ते त्यांच्या बाजूचे कंगोरे. कंगोरा खाचेसमोर आला की तो आत जातो, नाही आला तर तू वर उभा राहिलास तरी जाणार नाही. जोर लावायचा नसतो, जुळण्याची वाट पाहायची असते.”

मग चिमणबागेचे मैदान आले. भल्या पहाटे, फिरायला येणारी मंडळी जमण्याच्या आत, मी पुढे आणि अण्णा मागे अशी आमची स्वारी निघे. माझे दोन दोष होते, आणि ते बहुधा प्रत्येक नवशिक्याचे असतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना मी मूठ पुरती मिटण्याच्या आत क्लच सोडून देई. एंजिन अजून जोरात फिरत असे आणि गाडी पुढे हिसका घेई. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना याच्या नेमके उलट होई. एंजिन मंदावलेले असताना मी क्लच सोडी, मागचे चाक त्या सुस्त एंजिनाला फरफटत वेगात आणू पाही, टायर क्षणभर घासे, आणि मागे बसलेल्या अण्णांचे कपाळ माझ्या पाठीवर आदळे. ते रागावत नसत. उजव्या हाताची दोन बोटे माझ्या खांद्यावर दोनदा टेकवीत. त्या दोन टिचक्यांची मला जेवढी धास्ती होती, तेवढी रागावण्याचीही वाटली नसती.

एके दिवशी त्यांनी मैदानाच्या कडेला बसून मला सारा हिशेब समजावून सांगितला. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये एंजिन मिनिटाला चोवीसशे फेरे घेते आहे. गाडीचा वेग तोच ठेवून दुसरा गिअर टाकला, तर त्याच एंजिनाला बत्तीसशेच्या आसपास फेरे घ्यावे लागणार. हे मधले आठशे फेरे कुणीतरी द्यायलाच हवेत. तू दिले नाहीस तर चाक देईल, आणि त्याचा धक्का मागच्याला बसेल. म्हणून क्लच दाबलेला असताना मूठ किंचित पिळायची, एंजिनाचा आवाज चढू द्यायचा, त्याच वेळी गिअर टाकायचा, आणि मग क्लच सोडायचा. वर जाताना याच्या उलट. मूठ मिटायची, क्लच दाबायचा, आवाज उतरण्यापुरता एक श्वास थांबायचे, मग पाय दाबायचा. आणि क्लच कधीही एकदम सोडायचा नाही. जिथे तो धरू लागतो तिथे बोटे क्षणभर रेंगाळली पाहिजेत.

“गिरणीतला पट्टा कसा सरकवतात?” त्यांनी विचारले. मी लहानपणी पाहिले होते. छताखालून फिरणाऱ्या लांबच लांब दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली मागांवर येत. माग बंद असताना पट्टा सैल चाकावर नुसताच फिरत राही. माग सुरू करायचा तर तो शेजारच्या घट्ट चाकावर हळूहळू सरकवावा लागे. “एकदम ढकलला तर काय होते? ताण्याचे धागे तुटतात. मग ते एकेक सांधत बसावे लागते. तुझ्यामागे जो बसतो ना, तो ताण्याचा धागा समज.”

हे सांगताना त्यांनी आणखी एक नियम घालून दिला होता, आणि तो त्या वेळी मला फार विचित्र वाटला होता. वेगाच्या काट्याकडे पाहायचे नाही. पायाकडे तर नाहीच नाही. “डोळे रस्त्यावर, आणि गिअर कानात. आवाज जड झाला की खाली ये, पातळ झाला की वर जा. गाडी सांगते, आपण ऐकायचे.” समोरच्या घरचा मुलगा काट्यावर नजर ठेवून वीसला दुसरा, तीसला तिसरा असे आकडे पाठ करून चालवी, आणि माझ्या मते त्याचे काही अडत नव्हते. मला वाटे, अण्णांना उगाच प्रत्येक गोष्टीचे शास्त्र करून ठेवायची हौस आहे.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी आईने चहाचा कप पुढे केला, तेव्हा अण्णांचा हात कपाच्या चार बोटे अलीकडेच थांबला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजव्यातील पुरता पिकलेला. डॉक्टरांनी विचारले, “हे वर्षभरापासून असणार. तुमच्या लक्षात कसे आले नाही?” अण्णा म्हणाले, “आले होते.”

१९८३ च्या जानेवारीत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आजच्या वाचकांना त्या शस्त्रक्रियेची कल्पना यायची नाही. डोळ्याच्या कडेने चांगला मोठा छेद घेऊन आतले भिंग सगळेच्या सगळे बाहेर काढीत आणि टाके घालीत. नंतर कित्येक दिवस खोकायचे नाही, वाकायचे नाही, डोक्याला धक्का म्हणून बसू द्यायचा नाही. टाका हलला तर डोळा जायचा. अण्णा खाटेवर निश्चल पडून असत आणि ओट्यावर कुणाची गाडी थांबली की आवाजावरून ती कुणाची हे ओळखून सांगत.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना पुन्हा तपासणीसाठी न्यायचे होते. आधीच्या खेपेला आम्ही त्यांना रिक्षाने नेले होते, आणि त्या रिक्षाच्या दणक्यांनी डोळा दिवसभर ठणकत राहिला होता. आईने शेजाऱ्यांच्या मोटारीसाठी निरोप धाडला, पण मोटार बाहेरगावी होती. अण्णा खाटेवरूनच म्हणाले, “हा नेईल.”

आई म्हणाली, “कशावरून?”

“बुलेटवरून.”

“अहो, अजून त्याला धड...” आईने वाक्य पुरे केले नाही. माझ्या पोटात गोळा उठला. मैदानात अण्णांचे कपाळ पाठीवर आदळे, तेव्हा पाठीला लागे एवढेच. आता त्याच कपाळाखाली टाके घातलेला डोळा होता.

त्या सकाळी मी गाडी अर्धा तास आधी काढली. थंडीत क्लचच्या चकत्या तेलाने एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून सुरू करण्याआधी क्लच दाबून धरून दोन-तीनदा किक मारून त्या मोकळ्या केल्या. क्लचच्या तारेत हवा तेवढाच सैलपणा आहे ना, हे तीनदा पाहिले. अण्णा आईच्या हाताला धरून पायऱ्या उतरले. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, डाव्यात धुके. त्यांना अंदाजानेच मागची बैठक सापडली. ते बसले आणि त्यांची दोन बोटे माझ्या खांद्यावर आली. टिचकी न मारता ती तशीच राहिली.

रामबागेतून निघून कृष्णपुऱ्याच्या पुलावरून राजवाड्याकडे आणि तिथून पुढे दवाखान्यापर्यंत, एवढाच तो रस्ता. दहा-बारा मिनिटांचा. मी आयुष्यात पुढे दूरदूरचे प्रवास केले, पण इतका लांब रस्ता पुन्हा लागला नाही. पहिला गिअर. क्लच सोडताना बोटे इतकी हळू उघडली, की गाडी निघाली हे मला चाकाखालच्या खड्यांच्या आवाजावरून कळले. मूठ मिटली, क्लच, एक श्वास, पाय. दुसरा. आवाज पातळ झाला. मूठ, क्लच, श्वास, पाय. तिसरा. खांद्यावरची बोटे हलली नाहीत. पुलाजवळ समोर एक टांगा आडवा आला. थांबायला जागा होती, परंतु एकदम ब्रेक दाबायची सोय नव्हती. मी मूठ मिटली, क्लच दाबला, मूठ हलकेच पिळली, एंजिनाचा सूर चढला, दांडी वर उचलली, आणि गाडी दुसऱ्यात येऊन टांग्यामागे घोड्याच्या चालीने चालू लागली. तो टांगा कधीच बाजूला होऊ नये, असे मला वाटत होते. राजवाड्यापाशी नेहमीची गर्दी होती. पोह्यांच्या गाड्यांभोवती माणसे रस्त्यावर आली होती. तिथून पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये ये-जा करीत मी कसा पार पडलो, हे मला आठवत नाही. त्या मधल्या वेळात माझ्या मनात काहीच नव्हते, केवळ आवाज होता.

दवाखान्याच्या दाराशी गाडी उभी केली. अण्णा सावकाश उतरले, धोतराचा सोगा सारखा केला, आणि क्षणभर तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “टांग्याच्या मागे दुसऱ्यावर आलास, तेव्हा क्लच जरा लवकर सोडलास. बाकी ठीक.”

तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिले कौतुक. ते शेवटचेही ठरले, कारण त्यानंतर अण्णांनी मला काही शिकवलेच नाही. डोळा बरा झाल्यावर त्यांना दहा नंबरचा जाड भिंगाचा चष्मा आला. त्या चष्म्यातून वस्तू पाव पटीने मोठ्या आणि जवळ आल्यासारख्या दिसत, कडेचे काही दिसतच नसे, आणि एका डोळ्याचे दुसऱ्याशी जमत नसे. बुलेटची किल्ली त्यांच्या खुंटीवरून माझ्या खुंटीवर आली. तिची बदली कधी झाली, हे कुणी बोलून दाखवले नाही. १९९६ साली ते गेले, तोवर गाडीवर ते मागेच बसले.

काट्याकडे न पाहण्याचा तो नियम कुठून आला, हे मला फार उशिरा सुचले. मला शिकवायला घेतले तेव्हाच वेगाचा काटा त्यांना दिसत नव्हता. कदाचित त्याआधीचे वर्षभर ते स्वतः गिरणीत जाऊन येत होते ते एंजिनाच्या आवाजावर, आणि आपल्या हाती किती दिवस आहेत हे त्यांना ठाऊक होते. ज्याला मी शास्त्राची हौस म्हणत होतो, ती घाई होती. घाईत असलेला माणूस इतक्या सावकाश शिकवू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांना विचारायचे राहून गेले. विचारले असते तरी त्यांनी उत्तर दिले असते, असे नाही.

आता बुलेटचा गिअरही डाव्या पायाशी आला आहे, आणि ब्रेक उजव्या. भाच्याची नवी गाडी घेऊन मी एकदा चौकापर्यंत गेलो, तर थांबायच्या वेळी माझा उजवा पाय गिअर उचलू लागला. पायांना शिकवलेली गोष्ट डोक्याच्या सांगण्याने पुसली जात नाही.

माझी शस्त्रक्रिया झाली ती अर्ध्या तासात. तांदळाच्या दाण्याहूनही आखूड छेद, टाका नाही. हॅरोल्ड रिडले यांनी लंडनला १९४९ मध्ये माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवले होते. अण्णांच्या वेळी ते आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलेले नव्हते, माझ्या डोळ्यात ते सहज बसले. त्याच दुपारी मुलगा मला त्याच्या नव्या मोटारीतून घरी घेऊन आला. ही मोटार स्वतःचे गिअर स्वतःच बदलते. मी डोळे मिटून कान देऊन बसलो होतो. दाराशी उतरताना मुलाने विचारले, “बाबा, धक्का नाही ना बसला कुठे?”

बसला नव्हता. काहीतरी सांगावे म्हणून मी बराच वेळ आठवत राहिलो, पण काही सापडेना. शेवटी मी म्हणालो, “नाही रे,” आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढलो.