चक्कर, कान आणि माझं बदललेलं मत

चक्कर म्हणजे पित्त, नाहीतर अशक्तपणा, नाहीतर मानेचे मणके, असं मी कित्येक वर्षं ठामपणे मानत होतो. गोळी न देता नुसतं डोकं इकडून तिकडे वळवून कोणी चक्कर घालवतो म्हटलं, की तो मला भोंदू वाटायचा. आज माझं मत नेमकं उलट आहे.

आमच्या भिवंडीत कानाचा विषय निघतो तो ऐकण्यापुरताच. लूमच्या खटखटाटात उमेदीची वर्षं गेलेले, पाळी सुटल्यावरही मोठ्यानेच बोलणारे कारागीर इथे गल्लोगल्ली आहेत. आईला मात्र चांगलं ऐकू येत होतं. त्यामुळे अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते, ही तिची तक्रार कानाची असेल असं घरात कोणाच्याच मनात आलं नाही. पित्ताच्या गोळ्या झाल्या, मानेला पट्टा झाला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिची मान वळवून तिला झटकन आडवं केलं आणि मला तिचे डोळे बघायला सांगितलं. बुबुळं आपोआप झटके देत फिरत होती! मग त्यांनी तिचं डोकं ठरावीक क्रमाने, मध्ये थांबत थांबत वळवलं, तिला कुशीवर केलं, उठवून बसवलं. ती गरगर गेली.

तरी माझा विश्वास बसला तो कारण समजल्यावर. आतल्या कानात एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की नळी लगेच वळते, आतला द्रव क्षणभर मागे राहतो, त्याच्या दाबाने जेलीसारखा पडदा झुकतो आणि पडद्यात केस रुतलेल्या पेशी मेंदूला वळण कळवतात. खड्ड्यांतून उसळत जाणाऱ्या रिक्षातूनही कल्याण नाक्यावरच्या पाट्या वाचता येतात, त्या याच संदेशामुळे. डोळे डोक्याच्या उलट दिशेने तत्क्षणी सरकतात. शेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. त्यांच्या वजनामुळे उभं-आडवं कळतं, गाडी सुटल्याचं कळतं. हे खडे सुटून नळीत शिरले, तर कूस बदलताना ते घरंगळतात, द्रव हलवतात आणि डोकं स्थिर झाल्यावरही ‘फिरतंय’ असा खोटा निरोप जातो. नळीत अडकलेले खडे पिशवीत परत न्यायला गोळी काय करणार? ते वळणावळणाने घरंगळवतच न्यावे लागतात.

आतल्या कानातल्या या रचनेवरच्या संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना 1914 चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. खडे परत नेण्याची ही पद्धत मात्र अमेरिकेतल्या जॉन एपली यांची. 1980 च्या सुमारास त्यांनी ती मांडली, तेव्हा डॉक्टरांनीच ती हसण्यावारी नेली. शोधनिबंध छापून आला 1992 मध्ये. इतकी सोपी गोष्ट खरी वाटत नाही, हे मी समजू शकतो.

पण या अविश्वासापायी कितीतरी बायका ‘वय झालं’ म्हणत भिंतीला धरून चालतात, कूस बदलायला घाबरतात, याचा मला मनापासून त्रास होतो. प्रत्येक चक्कर खड्यांची नसते. जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, हातातलं बळ गेलं, एकाचे दोन दिसू लागले, तर क्षणही न दवडता मोठं रुग्णालय गाठावं. एरवी शेजारच्या काकूंनी चक्कर म्हटलं, की मी आता पित्ताचं नाव काढत नाही. पहिल्यांदा विचारतो, “काकू, कूस बदलताना येते का?”